ठिपक्यांचा रस्ता

पट्टीकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. नगररचना कार्यालयात ते आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. अंगानं काटकुळे, बोलणं मोजूनमापून, चालणं नाकासमोर, आणि काखेत कायम तीन फुटांची लाकडी पट्टी. एवढं भांडवल असल्यावर नाव पडायला वेळ लागत नाही. शिपायानं ठेवलेलं नाव साहेबांनी उचललं, साहेबांचं ऐकून गल्लीनं उचललं. त्यांना बाळ म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची ताई.

ताई दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईनं शाळा सोडली आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायच्या कामाला लागली. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या माना ताठ केल्या, असं ती स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर आहे की पदरात, अजून कशाला?" ते पोर पुढे शिकलं, सरकारी नोकरीला लागलं, त्याला बायको आली, पण ताईच्या हिशेबी पदरातून उतरलं नाही ते नाहीच.

ताई जुन्या शहरात राहायची, एका पुस्तकबांधणीवाल्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत. खाली उतरलं की तिसऱ्या दारात डॉक्टर, समोर औषधांचं दुकान, कोपऱ्यावर वाचनालय, आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी कारखान्यातल्या तिच्या तीन मैत्रिणी ठाण मांडून बसलेल्या. त्या गल्ल्यांना कुणी आखलेलं नव्हतं. वाकड्यातिकड्या होत्या, पण प्रत्येक गल्ली कुठेतरी निघायची. वाट चुकलेला माणूससुद्धा शंभर पावलांत ओळखीच्या कोपऱ्यावर यायचा. पट्टीकाकांना मात्र त्या वाकड्या गल्ल्यांची मनापासून चीड. डोक्यातलं शहर त्यांनी केव्हाच सरळ करून ठेवलं होतं.

आता त्यांच्या कामाची एक गंमत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच फिसकटलं. शहर वाढत होतं. आज या माळावर वसाहत, उद्या त्या शेतात. प्रत्येक जमीनमालक आपल्या तुकड्याचा नकाशा घेऊन यायचा, पट्टीकाका तो वेगळ्या कागदावर साफ काढायचे, साहेबांची सही, शिक्का, संपलं. तुकड्याच्या हद्दीबाहेर काय आहे ते त्या कागदावर दाखवत नसत. तिथे कोरं. शेजारचा तुकडा मंजुरीला यायचा तेव्हा त्याच्याभोवतीही कोरं. दोन कागद शेजारी ठेवून बघायचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. त्यामुळे झालं असं की प्रत्येक वसाहतीतले रस्ते आपल्या हद्दीपर्यंत जायचे आणि गुमान थांबायचे. सगळ्यांना तोंड एकच, मोठ्या रस्त्यावरचं. झाडाच्या एका फांदीवरून शेजारच्या फांदीवर जायचं तर मुंगीला आधी बुंध्यापर्यंत उतरावं लागतं, तसं ते शहर झालं.

पट्टीकाकांना ते कोरं बघवत नसे. म्हणून जिथे रस्ता हद्दीवर येऊन संपायचा, तिथून पुढे ते कोऱ्यात बारीक ठिपके देत जायचे, समान अंतरावर, मोत्यासारखे, आणि वर सुरेख अक्षरात लिहायचे: नियोजित रस्ता. असं कर म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. असं करू नको म्हणूनही कुणी सांगितलं नाही. साहेब एकदा म्हणाले होते, "राहू द्या, तेवढ्यानं नकाशा भरल्यासारखा दिसतो." बिल्डर तर खूशच. गिऱ्हाइकाला ठिपक्यांवर बोट ठेवून सांगता यायचं, हा बघा, इथून रस्ता निघणार. लोक ठिपके बघून घरं घेत होते. आणि घेणाऱ्यांत पट्टीकाकाही होते. इतरांची समजूत कागदावर काढता काढता त्यांची स्वतःची तीच समजूत झाली.

त्यांनी एका वसाहतीत घर घेतलं. रस्त्याच्या शेवटचं, म्हणजे ठिपक्यांच्या सुरुवातीचं. काही वर्षांनी पलीकडच्या तुकड्याचा नकाशा मंजुरीला आला तेव्हा त्यांनी दोन्ही कागद खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एकाशेजारी एक ठेवले. इकडचा रस्ता आणि तिकडचा रस्ता समोरासमोर होते. मध्ये चाळीस फूट कोरं. त्यांनी ठिपके जोडले आणि त्या संध्याकाळी थेट ताईकडे गेले.

"मला इथं काय कमी आहे?" ताई म्हणाली.

"जिना आहे. उद्या तुला चढवणार नाही. आणि आम्ही जवळ नाही."

"तिथं किती जवळ असशील?"

"एकशे चाळीस मीटर."

"पावलांत सांग."

"दोनशे. फार तर सव्वादोनशे. अगदी हाकेच्या अंतरावर. रोज संध्याकाळी येईन, तुझ्याकडेच चहा घेईन."

ताईनं दोन दिवस विचार केला. मैत्रिणी म्हणाल्या, जा, भाऊ बोलावतोय, असं नशीब कुणाचं असतं. तिनं खोल्या विकल्या आणि पलीकडच्या वसाहतीत, तळमजल्यावरची घरं आधीच गेली होती म्हणून पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर घेतलं. पट्टीकाकांच्या निवृत्तीला तेव्हा एक वर्ष उरलं होतं.

ताई राहायला गेली आणि दुसऱ्याच महिन्यात पलीकडच्या वसाहतीनं चहूबाजूंनी आठ फुटी भिंत घातली. पट्टीकाका नकाशाची गुंडाळी घेऊन तिथल्या चिटणीसांकडे गेले. चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, कागद वाचायची सवय असलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसून ठिपके निरखून पाहिले.

"हे कोणी काढले?"

"मी."

"कोणाच्या आदेशावरून?"

पट्टीकाकांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"रुंदी लिहिलेली नाही. मंजुरीचा क्रमांक नाही. जमीन ताब्यात घेतल्याची नोंद नाही." चिटणिसांनी कागद पुन्हा नीट गुंडाळून परत दिला. "काका, हे चित्र आहे."

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामाला कुणी चित्र म्हटलं नव्हतं. ते घरी आले आणि पहिला अर्ज लिहायला बसले.

रस्त्यानं जायचं तर आधी आपल्या वसाहतीतून दोन किलोमीटर मोठ्या रस्त्यावर, तिथून बस, उड्डाणपुलाच्या पलीकडे उतरून दुसरी बस, मग पदपथ नसलेल्या कडेनं चालत पलीकडच्या वसाहतीचं फाटक, आणि फाटकापासून आत ताईच्या घरापर्यंत पुन्हा चाल. साडेसहा किलोमीटर. बसची वाट बघणं धरून पावणेदोन तास. आणि एवढं करून पोचायचं कुठे, तर आपल्याच गच्चीवरून दिसणाऱ्या सज्जात. संध्याकाळी पाचला ताई सज्जात यायची, हे गच्चीवर जायचे. ती हात हलवायची, हे हलवायचे. मग दोघं फोनवर बोलायची, एकमेकांकडे बघत.

सहा महिन्यांत भिंतीला भोक पडलं. दोन्हीकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका, दूधवाला, इस्त्रीवाला, या सगळ्यांना तो द्राविडी प्राणायाम परवडणारा नव्हता. कुणीतरी पहार घातली. दोन फूट रुंद, तीन फूट उंच. वाकून जावं लागे, पण जाता येई. पट्टीकाकांची बायको पहिल्याच दिवशी डबा घेऊन त्यातून ताईकडे जाऊन आली. चार मिनिटं लागली. पट्टीकाका मात्र गेले नाहीत.

"मी नाही भोकातून जाणार."

"का? कमरेत वाकता येत नाही?"

"तुला कळत नाही. अर्जाच्या चौकशीला माणूस आला आणि त्यानं विचारलं, जाता कसे, तर काय सांगू? पर्यायी मार्ग उपलब्ध, असा शेरा मारून फाईल बंद करतात. मी स्वतः असे शेरे पाहिलेत. आपणच भोक वापरलं तर रस्ता कोण देईल?"

बायको म्हणाली, "तुमचा रस्ता होईपर्यंत डब्यातली भाजी आंबेल." आणि ती वाकून निघून गेली.

त्यांचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं, हे कबूल करायला हवं. ऑफिसात असंच चालतं. पण ऑफिसचं शहाणपण घरी आणलं की त्याचं काय होतं, ते इथे दिसलं. ताई फोनवर म्हणायची, "ये की रे, बायको येते तुझी. चहा टाकते." हे म्हणायचे, "थोडं थांब ताई. एवढी सुनावणी होऊ दे. मग रस्त्यानं रुबाबात येतो." सुरुवातीला दर रविवारी लांबच्या वाटेनं जायचे. मग एकाआड एक रविवार. मग महिन्यातून एकदा, तेही रविवारी अर्ज लिहायचा नसला तर.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे वाक्य त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं जन्मभर ऐकवलं होतं. आता बाहेरच्या बाजूनं ऐकलं. पहिला अर्ज गहाळ झाला. दुसरा चुकीच्या विभागात गेला आणि तिथे दीड वर्ष सुखानं राहिला. तिसऱ्या अर्जावर कारवाई झाली: त्यांच्या घरासमोर, रस्ता जिथे भिंतीवर आपटतो तिथे, एक नवा दिवा बसवून गेले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पट्टीकाकांनी स्वतः फीत घेऊन मोजमाप केलं, नवा नकाशा काढला, या वेळी ठिपके नाहीत, अखंड रेघ, रुंदी नऊ मीटर. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्यांनी तो हातात घेऊन वाखाणला आणि फायलीत लावला.

मग त्यांनी आपल्याच वसाहतीत सह्या गोळा करायला सुरुवात केली. एकशेवीस घरं. रोज सकाळी मोठ्या रस्त्याच्या त्या एका तोंडाशी गाड्या अडकून ज्यांचा जीव मेटाकुटीला यायचा तीच ही माणसं. एकोणीस सह्या मिळाल्या.

"काका, रस्ता उघडला की सगळं शहर आमच्या दारातून जाईल," एक जण म्हणाला.

"अहो, तुम्ही नाही का रोज दुसऱ्यांच्या दारातून जात?"

"ते त्यांनी बघावं."

तीन वर्षांनी भोक बुजलं. पलीकडे कुणाची तरी सायकल चोरीला गेली. चिटणिसांनी दोन दिवसांत विटा लावून सिमेंट फासलं, वर काचा, आणि कोपऱ्यावर कॅमेरा. धुण्याभांड्याच्या बायकांनी पलीकडची कामं सोडली. पट्टीकाकांच्या बायकोचे गुडघे तोवर दुखायला लागले होते, दोन बस बदलणं तिला झेपेना. डबा थांबला. जुन्या शहरातल्या मैत्रिणी एकदा ताईला भेटायला आल्या, उड्डाणपुलापाशी चुकल्या, ऊन डोक्यावर घेऊन दोन तास फिरल्या आणि तशाच परत गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यातली एक वारल्याचं ताईला पंधरा दिवसांनी कळलं.

बायको एकदा म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात तुम्ही." पट्टीकाकांनी पेनाचं टोपण काढलं. टेबलावर सातवा अर्ज होता.

तो अर्ज मात्र फळला. सुनावणीची तारीख लागली. पट्टीकाका पासष्ट वर्षांचे झाले होते, ताई पंचाहत्तर. तिला भेटून अकरा महिने झाले होते, पण ते स्वतःला सांगत होते की आता अकरा महिन्यांचं काय, रस्ता झाला की रोजच. आदल्या संध्याकाळी गच्चीवरून त्यांनी हात हलवला. ताई सज्जात नव्हती. अलीकडे ती बऱ्याचदा नसायची.

सुनावणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, पट्टीकाकांच्या निवृत्तीनंतर रुजू झालेल्या. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, नकाशा पूर्ण उलगडून पाहिला. सात वर्षांत एवढा वेळ कुणीच दिला नव्हता. पट्टीकाकांनी सगळं मुद्देसूद मांडलं. एकशे चाळीस मीटरच्या जागी साडेसहा किलोमीटर. आग लागली तर बंब कुठून येणार. आणि शेवटी म्हणाले, "पलीकडे माझी बहीण राहते. पंचाहत्तर वर्षांची, एकटी. तिनंच मला वाढवलं. मी हा रस्ता तिच्यासाठी मागतोय."

पलीकडच्या वसाहतीतर्फे चिटणीस आले होते. त्यांनी हरकतीचा कागद पुढे केला, चौसष्ट सह्यांचा. बाईंनी तो वरून खाली वाचला, मध्येच थांबल्या, आणि काकांच्या अर्जातला ताईचा पत्ता पुन्हा पाहिला.

"घर क्रमांक सत्तावीस. हेच ना तुमच्या बहिणीचं?"

त्यांनी कागद काकांकडे वळवला. तिथे ताईची सही होती. प्रत्येक अक्षर सुटं, शेवटच्या अक्षराखाली आडवी रेघ. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी अकरा वर्षं हीच सही होत आलेली. नकाशावाल्याची नजर, तिला शंकेलाही जागा नव्हती.

"हो," पट्टीकाका म्हणाले.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, "काका, ज्यांच्यासाठी मागताय त्यांचीच हरकत असेल तर माझ्या हातात काही राहत नाही." मग त्यांनी लिहिलं की दोन्हीकडचे रहिवासी प्रतिकूल असल्यानं नियोजित रस्त्याची खूण नकाशावरून वगळण्यात यावी.

पट्टीकाका घरी गेले नाहीत. ते पहिल्या बसमध्ये बसले, दुसरीत बसले, भरधाव गाड्यांच्या कडेनं भिंतीला अंग घासत चालले. फाटकावर वही भरायची होती. कुणाकडे, नातं, कारण. कारणाचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. रखवालदारानं विचारलं, "काका, पहिल्यांदाच आलात का? सत्तावीस नंबर त्या टोकाला."

ताईनं दार उघडायला बराच वेळ लावला. ती लहान झाली होती. दंडावर एक जुना, पिवळा पडत चाललेला डाग होता.

"तू?" ती म्हणाली. "कसा आलास? बस मिळाली?"

त्यांनी बसायच्या आतच विचारलं. "ताई, त्या कागदावर तू सही केलीस?"

"केली."

"काय आहे ते वाचलं होतंस?"

"वाचलं की. डोकं शाबूत आहे अजून."

"मग?"

ताई भिंतीला धरत धरत खुर्चीपाशी आली आणि बसली. "शेजारची घेऊन आली होती कागद. तिच्या नवऱ्यानं दिला होता सगळ्या घरांतून फिरवायला. सकाळी पाणी तासभर येतं, तेही खालच्या नळाला. वर चढवतं कोण? ती. गोळ्या आणतं कोण? ती. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडले, तर कडी तोडून आत कोण आलं?"

"पडलीस? मला सांगितलं नाहीस."

"तू म्हणालास, सुनावणीची कागदपत्रं करतोय, नंतर बोलू."

ते म्हणाले होते. त्यांना आठवलं.

"तिनं कागद पुढं केला," ताई म्हणाली, "तिला नाही कशी म्हणू? तुला नाही म्हटलं तरी तू भाऊच राहणार माझा. ती कोण माझी? ती रुसली तर सकाळी घोटभर पाणी नाही घरात."

"पण ताई, रस्ता झाला असता तर मी रोज आलो असतो."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तीन वर्षं भोक होतं, बाळ," ती म्हणाली. "मी रोज पाचला चहाचं आधण ठेवायची. तुझ्या बायकोला विचारायची, आज येतोय का."

सात वर्षांत त्यांनी सात अर्ज, चार नकाशे आणि एकवीस स्मरणपत्रं लिहिली होती, आणि प्रत्येकात ताई होती. वाकून गेले असते तर चार मिनिटं लागली असती. त्यांनी तिला तिच्या गल्लीतून, डॉक्टरांपासून, पायऱ्यांवरच्या मैत्रिणींपासून उचलून एका रेघेच्या टोकाला आणून ठेवलं होतं, आणि रेघ पक्की होण्याची वाट बघत स्वतः पलीकडे बसले होते. रडू आलं असतं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं, पण तेही आलं नाही.

ताईनं चहा केला. दोघांनी तो घेतला. चार वाजले तशी तीच उठली.

"नीघ आता, नंतर बसला गर्दी होते. आणि हे बघ, एवढ्या लांब येत जाऊ नकोस. वय झालं तुझंही. माझं इथं चाललंय. फोन कर."

नाही म्हणायला हवं होतं. दर रविवारी येईन म्हणायला हवं होतं, उद्याच येतो म्हणायला हवं होतं. पट्टीकाका म्हणाले, "बरं." आणि म्हणताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना हायसं वाटलं. दोन बस, ती कड, ते फाटक, ते सगळं पुन्हा करायला नको.

ताईनं ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. चार वर्षांचा असल्यापासून तो चेहरा ती वाचत आली होती. ते जिना उतरून खाली जाईपर्यंत ती दारात उभी राहिली, आणि मग तिनं कडी लावून घेतली.